'अँड'च्या आधीचा स्वल्पविराम आणि एका शिष्यवृत्तीची नियमावली

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलच्या माजी विद्यार्थ्यांनी शिष्यवृत्ती सुरू करायचं ठरवलं आणि तिची नियमावली तीन भाषांत काढली. मराठी गावकऱ्यांसाठी, कन्नड सरकारी कचेऱ्यांसाठी आणि इंग्रजी देणगीदारांसाठी, कारण देणारे बरेचसे पुण्या-बंगळूरला आणि काही आखातात. शेवटी एक ओळ होती: तिन्ही मजकुरांत फरक आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जाईल. सीमाभागात ही ओळ नवी नाही. मराठी आणि कन्नड यांत वरचा मान कोणाला, हा प्रश्नच निघू नये म्हणून इंग्रजीला मधे बसवतात. ती दोघांचीही नाही, म्हणून दोघांनाही चालते. पण मग बैठकीतलं कोणीही जी भाषा घरी बोलत नाही, तिच्यातल्या एकेका चिन्हावर मुलांचा हक्क अवलंबून राहतो.

मी बेळगावात भाषांतराचं आणि मुद्रितशोधनाचं काम करते. या नियमावलीची छपाई एका वादात अडकली तेव्हा समितीने मला बोलावलं. वाद स्वल्पविरामाचा होता. इंग्रजी लिहिताना स्वल्पविराम कुठे आपल्या पसंतीचा भाग असतो आणि कुठे अजिबात नसतो, हे या प्रकरणात फार स्वच्छ दिसलं, म्हणून ते सविस्तर मांडते. माणसांची आणि शाळेचं नाव इथे घेत नाही.

वाद

इंग्रजी मसुदा लिहिला होता शाळेतून निवृत्त झालेल्या इंग्रजीच्या सरांनी. तालुक्यातल्या दोन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. तपासायला तो त्यांच्याच एका विद्यार्थिनीकडे गेला. ती बंगळूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तांत्रिक लेखन करते, म्हणजे दिवसभर इंग्रजीच लिहिते. तिसरं वाक्य असं होतं: 'द स्कॉलरशिप कव्हर्स ट्यूशन फीज, बुक्स अँड बस फेअर.' तिने 'बुक्स'नंतर स्वल्पविराम घातला. सरांनी प्रूफ पाहताना तो काढला आणि समासात लिहिलं, 'अँडच्या आधी कॉमा नसतो.' पुढच्या प्रुफात तो परत आला. शहापूरचा डीटीपीवाला ज्याचं प्रूफ हाती येईल त्याप्रमाणे दुरुस्ती करत राहिला, आणि असं पानभर, जिथे जिथे तीन वस्तूंची यादी होती तिथे तिथे झालं.

समितीच्या बैठकीत दोघं समोरासमोर आले तेव्हा तिने आदबीने पण ठामपणे सांगितलं, "सर, हा कॉमा नसला तर आमच्याकडे रिव्ह्यूमधून मजकूर परत येतो. सॉफ्टवेअरसुद्धा खाली रेघ ओढतं." सर म्हणाले, "अगं, तुला मीच शिकवलंय की. अँड आला की कॉमाचं काम संपलं." चिटणीसांना व्याकरणात रस नव्हता. त्यांनी मला विचारलं, "मॅडम, दोघांतलं बरोबर कोण तेवढं सांगा, छपाई खोळंबलीय."

दोघंही बरोबर होते, आणि हे मी त्यांना समजुतीसाठी सांगितलं नाही. यादीत शेवटच्या 'अँड'च्या आधी स्वल्पविराम द्यायचा की नाही, याबद्दल इंग्रजीत दोन जुन्या आणि तितक्याच प्रतिष्ठित पद्धती आहेत. देणाऱ्या पद्धतीतल्या स्वल्पविरामाला 'ऑक्सफर्ड कॉमा' म्हणतात, कारण ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्याने तो पाळला. तिथले होरेस हार्ट यांनी १८९३ मध्ये जुळाऱ्यांसाठी आणि मुद्रितशोधकांसाठी नियम एकत्र केले, ते १९०४ मध्ये सर्वांसाठी छापून निघाले. अमेरिकेत शिकागो विद्यापीठाच्या छापखान्याची नियमपुस्तिका १९०६ मध्ये आली, तीही या स्वल्पविरामाच्या बाजूने उभी आहे. उलट असोसिएटेड प्रेस ही अमेरिकी वृत्तसंस्था साध्या यादीत तो देत नाही, आणि ब्रिटिश वर्तमानपत्रंही सहसा देत नाहीत. आपल्या शाळांतल्या जुन्या व्याकरणाच्या पुस्तकांनी हीच ब्रिटिश सवय उचलली आणि सरांनी तीच शिकवली. तेव्हा 'ब्रिटिश विरुद्ध अमेरिकन' अशी जी सोपी वाटणी सांगितली जाते ती इथे टिकत नाही. ऑक्सफर्ड इंग्लंडातच आहे, आणि अमेरिकेतली बरीच वर्तमानपत्रं ऑक्सफर्डचा स्वल्पविराम वापरत नाहीत.

ख्यालगायकीतलं घराणं जसं, तसं हे आहे. किराणा घराण्याची गायकी जयपूर घराण्याच्या कानाला वेगळी लागेल, पण तेवढ्यावरून कोणी बेसूर ठरत नाही. लेखनातलं घराणं म्हणजे प्रकाशनाची, कंपनीची, वर्तमानपत्राची ठरवलेली पद्धत. सॉफ्टवेअर जी रेघ ओढतं ती अशाच एका घराण्याची पसंती असते. ती स्क्रीनवर चुकीसारखी दिसते हा त्या रंगाचा दोष.

ओळखायचं कसं? मी समितीला एवढंच करायला सांगितलं: वाक्य स्वल्पविरामासह वाचा, मग काढून वाचा, आणि अर्ज भरणाऱ्या आईला मिळणाऱ्या गोष्टींत फरक पडतो का ते पाहा. 'ट्यूशन फीज, बुक्स अँड बस फेअर' यात दोन्ही वेळा तीनच गोष्टी मिळतात. फी, पुस्तकं, बसभाडं. खानापुरातला वाचक असो वा आखातातला, दुसरं काही समजणार नाही. म्हणून इथे स्वल्पविराम ही शैली. एक पद्धत निवडायची आणि पानभर पाळायची, बस.

ज्या ओळीकडे कोणी पाहिलं नव्हतं

हे वीस मिनिटांचं काम होतं. माझं लक्ष अडलं ते चौथ्या नियमावर, पात्रतेच्या. तो असा होता: 'ऑर्फन्स, चिल्ड्रन ऑफ विडोज अँड चिल्ड्रन ऑफ फार्मर्स विथ ॲन ॲन्युअल इन्कम बिलो रुपीज १,००,०००.' अनाथ मुलं, पती गमावलेल्या मातांची मुलं आणि शेतकऱ्यांची मुलं, आणि शेपटाला एक अट, वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत. या ओळीतही सर आणि त्यांची विद्यार्थिनी 'अँड'च्या आधीच्या स्वल्पविरामावरच भांडले होते. पण शेपटाची अट कोणाला लागू? फक्त शेतकऱ्यांना, की तिघांनाही?

हा माझा किस काढणं नव्हतं. कच्ची नियमावली आधीच माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून फिरली होती. जांबोटीच्या बाजूच्या एका गावातून एका आईने विचारलं होतं, की पती सरकारी नोकरीत असताना वारले, कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, त्यामुळे उत्पन्न लाखाच्या वर जातं. माझ्या मुलाने अर्ज भरावा का? चिटणीसांनी इंग्रजी वाचून तिला 'नाही' सांगितलं. खजिनदारांनी तेच इंग्रजी वाचून 'भरा की' सांगितलं. दोघांनीही प्रामाणिकपणे वाचलं होतं. ती बाई नाडकचेरीत उत्पन्नाचा दाखला काढायला जायच्या बेतात होती, आणि तो दाखलाच तिच्या मुलाला बाद करणार होता.

मी समितीचं इतिवृत्त मागवलं. मूळ ठराव मराठीत झाला होता: 'अनाथ मुले, विधवा मातांची मुले, तसेच वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असलेल्या शेतकऱ्यांची मुले.' इथे गोंधळाला जागाच नाही. मराठीत विशेषण नामाच्या आधी येतं, कितीही लांबलं तरी. 'वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असलेल्या' हे शब्द 'शेतकऱ्यांची' या शब्दाला चिकटून बसलेत, त्यांना मागे वळून 'विधवा मातांची' कडे जाता येत नाही. कन्नडचीही ठेवण तशीच आहे, विशेषण आधी आणि नाम नंतर, त्यामुळे कन्नड मजकूरही स्वच्छ होता. इंग्रजीत मात्र 'विथ'ने सुरू होणारा तुकडा नामाच्या मागून येतो आणि वाक्याच्या टोकाला लटकतो. टोकाला आला की तो शेवटच्या नामाला धरेल की सगळ्या यादीला, हे इंग्रजीची रचना सांगत नाही. ते सांगायला तिच्याकडे अर्थाचा अंदाज असतो, आणि थोडाफार स्वल्पविराम.

म्हणजे ज्या दोन भाषा घरी बोलल्या जातात त्या दोन्हींत नियम स्पष्ट होता, आणि मतभेदात जी ग्राह्य धरायची तीच भाषा दोन अर्थ देत होती. या प्रकरणातली मला सगळ्यांत जास्त बोचलेली गोष्ट ही आहे. (मराठी अशा घोटाळ्यापासून कायमची सुरक्षित आहे असं मात्र कोणी समजू नये. तोच ठराव 'वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असलेल्या शेतकऱ्यांची व विधवा मातांची मुले' असा क्रम बदलून लिहिला असता तर मराठीतही तीच भानगड झाली असती, फक्त अट पुढून लागली असती.)

आता स्वल्पविरामांचे खेळ पाहा. सरांच्या पद्धतीने 'अँड'च्या आधी काही नाही, तेव्हा अट कुठेही लागू शकते. विद्यार्थिनीच्या पद्धतीने 'विडोज'नंतर स्वल्पविराम दिला की शेवटची बाब जरा वेगळी पडते आणि अट तिच्याचकडे झुकते. 'फार्मर्स'नंतर, 'विथ'च्या आधी स्वल्पविराम दिला की झोक उलटा: अट यादीपासून सुटी होते आणि सगळ्यांवर पसरते. तीन जागा, तीन झोके, आणि त्यातल्या एका बाजूला एका मुलाचं पीयूसीचं, म्हणजे अकरावी-बारावीचं, शिक्षण. इथे 'आमच्याकडे असंच लिहितात' हे उत्तर चालत नाही. यादीतला जो स्वल्पविराम तिसऱ्या वाक्यात निव्वळ शैली होता, तोच चौथ्या नियमात शैली राहिला नाही. चिन्ह तेच, जागा तीच, 'अँड'च्या आधीची. बदललं ते भोवतालचं वाक्य.

न्यायालयात असे प्रसंग घडले आहेत. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २७ मध्ये 'मॅन्युफॅक्चर्स फॉर सेल, सेल्स, स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल ऑर डिस्ट्रिब्यूट्स' अशी शब्दरचना होती. प्रश्न आला की औषध नुसतं साठवणं हाही गुन्हा, की विक्रीसाठी साठवणं? मोहम्मद शब्बीर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 'स्टॉक्स'नंतर स्वल्पविराम नाही याकडे बोट दाखवलं. स्वल्पविराम नाही म्हणजे 'स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल' हा एक अखंड तुकडा, म्हणजे विक्रीचा हेतू साठवण्यालाही लागू. आमच्या चौथ्या नियमाचाच हा सख्खा भाऊ: टोकाचा तुकडा मागे कुठवर पोचतो? त्याच न्यायालयाने १९५२ मध्ये अश्विनीकुमार घोष खटल्यात विरामचिन्हं ही कायद्याचा अर्थ लावताना गौण बाब आहे असंही म्हटलं होतं. दोन्ही एकत्र वाचले की इतकं कळतं, की स्वल्पविराम एकटा अर्थ ठरवत नाही, पण शब्दच दोलायमान असले तर काटा तोच कलवतो.

अमेरिकेतलं मेन राज्यातलं प्रकरण आमच्या वादाला आणखी जवळचं. तिथल्या जादा कामाच्या मोबदल्याच्या कायद्यात काही कामांना सूट होती, म्हणजे त्यांना जादा मोबदला देणं बंधनकारक नव्हतं, आणि यादीच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असं होतं. 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नव्हता. ओकहर्स्ट डेअरीचे वाहनचालक म्हणाले, सूट फक्त पॅकिंगला आहे, वितरणाला नाही, आणि आम्ही वितरण करतो. डेअरीचं म्हणणं, वितरण हे वेगळं काम आहे, आणि यादीत शेवटचा स्वल्पविराम देऊ नये असं राज्याच्या मसुदालेखनाच्या पुस्तिकेतच लिहिलंय. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने मजकूर संदिग्ध ठरवून चालकांच्या बाजूने कौल दिला, आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरला तडजोड झाली. निकालानंतर राज्याने ती यादीच अर्धविराम घालून बदलून घेतली. घराण्याची पद्धत नेमकी पाळली, आणि तरीही अर्थ सुटला. सरांनी हे शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे नियम पाळूनही घात होतोय."

होतो. म्हणून चौथ्या नियमात मी स्वल्पविराम सुचवला नाहीच. ज्या वाक्याचा अर्थ एका स्वल्पविरामावर तोललेला आहे ते वाक्य मोडून पुन्हा बांधावं, असं माझं ठाम मत आहे. छपाईत एक ठिपका पुसट उठला किंवा कोणी पीडीएफमधून मजकूर उचलताना तो गळला, तर हक्क गळतो. आम्ही तीन गट तीन ओळींवर, अ, ब, क करून घेतले. उत्पन्नाची अट 'क'च्या ओळीतच लिहिली आणि खाली स्वतंत्र वाक्य जोडलं, 'नो इन्कम लिमिट अप्लाइज टू ग्रुप्स अ अँड ब.' त्या आईच्या मुलाचा अर्ज 'ब' गटात, उत्पन्नाच्या दाखल्याशिवाय घेतला गेला.

जे–ते ची सवय

पानावर आणखी एक स्वल्पविराम सापडला, आणि तो मला आपल्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक इंग्रजी अर्जात, नोटिशीत, निमंत्रणपत्रिकेत दिसतो. 'स्टुडंट्स हू पास द एसएसएलसी एक्झाम, शॅल सबमिट द फॉर्म बिफोर ३० जून.' (एसएसएलसी म्हणजे कर्नाटकातली दहावीची परीक्षा.) 'एक्झाम'नंतरचा हा स्वल्पविराम कर्ता आणि क्रियापद यांच्या मधे पडलाय. आजच्या इंग्रजीत तो कुठल्याही घराण्यात बसत नाही. ऑक्सफर्डही काढील आणि शिकागोही.

तो येतो कुठून? आपण मनात म्हणतो, 'जे विद्यार्थी एसएसएलसी परीक्षा पास होतील, ते अर्ज भरतील.' मराठीच्या जे–ते रचनेत मधला स्वल्पविराम अगदी रास्त आहे, कारण तिथे दोन वाक्यं जोडलेली आहेत. इंग्रजीत 'हू'ची रचना एकाच वाक्याच्या पोटात असते आणि तिथे सांधा नसतो. शिवाय शाळेत शिकवतात, श्वास घ्याल तिथे कॉमा द्या. लांबलचक कर्ता संपला की श्वास येतोच. सरांची हीच शिकवण होती, आणि ती निराधार नाही. इंग्रजीत स्वल्पविराम दीर्घकाळ वाचणाऱ्याच्या श्वासासाठीच होता, आणि अठराव्या शतकातल्या इंग्रजी गद्यात कर्त्यानंतर असा स्वल्पविराम सर्रास दिसतो. नंतर तो वाक्याच्या रचनेशी बांधला गेला, आणि अलीकडे विरळ होत गेला. मराठीला तर विरामचिन्हं इंग्रजीतूनच आली. मोडीत ती नव्हतीच, शब्दसुद्धा तोडून लिहीत नसत. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये मराठीत विरामचिन्हांवर लिहिलं. इंग्रजीने अर्धी सोडलेली श्वासाची पद्धत आपण धरून ठेवली यात नवल नाही. पण आज इंग्रजीत लिहायचं तर या जागी स्वल्पविराम चूकच.

आणि याच 'हू'च्या भोवती दोन स्वल्पविराम दिले तर ते चूक नसतात, त्यांनी अर्थ बदलतो. दुसऱ्या नियमात होतं, 'स्टुडंट्स ऑफ खानापूर तालुका, हू हॅव स्टडीड इन मराठी मीडियम, मे अप्लाय.' दोन्ही बाजूंनी स्वल्पविराम आला की मधला मजकूर निव्वळ जादा माहिती होतो: तालुक्यातले सगळे विद्यार्थी अर्ज करू शकतात, आणि जाता जाता सांगतो, ते मराठी माध्यमात शिकलेत. तालुक्यात कन्नड, उर्दू आणि इंग्रजी माध्यमाच्याही शाळा आहेत, त्यामुळे ही माहिती खोटी ठरते आणि अट नाहीशी होते. समितीला अट हवी होती. दोन्ही स्वल्पविराम काढले, अट जागेवर आली. इथे शैलीचा संबंध नाही, कोणाच्या पसंतीचाही नाही.

उरलेलं पान

'व्हेन अ स्टुडंट लीव्हज द हॉस्टेल वॉर्डन मस्ट इन्फॉर्म द कमिटी.' विद्यार्थी शाळा सोडून गेला, की नुसतं वसतिगृह? 'लीव्हज'नंतर स्वल्पविराम असला तर पहिला अर्थ, 'हॉस्टेल'नंतर असला तर दुसरा. त्याच्या शेजारचं 'इन जून द कमिटी विल इन्व्हाइट ॲप्लिकेशन्स' मात्र दोन्हीकडून सारखंच वाचलं जातं. 'इन जून'सारख्या छोट्या सुरुवातीच्या तुकड्यानंतर स्वल्पविराम द्या किंवा सोडा. मी सोडते. लांब तुकडा असेल तर देते.

आभाराच्या ओळीत पुन्हा यादी होती, 'अवर डोनर्स, द हेडमास्टर अँड द सरपंच.' इथे ऑक्सफर्ड कॉमा नसला तर देणगीदार म्हणजेच हेडमास्तर आणि सरपंच असं वाचता येतं. विद्यार्थिनी खूश झाली. पण तीच ओळ एकवचनात करून पाहा, 'अवर मेन डोनर, द हेडमास्टर, अँड द सरपंच.' आता ऑक्सफर्ड कॉमामुळेच हेडमास्तर हा मुख्य देणगीदार वाटू लागतो, आणि तो काढला की गोंधळ जातो. 'हा कॉमा नेहमी वापरा म्हणजे संदिग्धता राहत नाही' असं जे ठासून सांगितलं जातं ते पूर्ण खरं नाही. सरपंच आणि हेडमास्तरांना आधी घेतलं आणि देणगीदारांना शेवटी, दोघांचाही प्रश्न मिटला.

आकड्यांतला स्वल्पविराम हा शैलीचा सगळ्यांत निखळ नमुना, कारण तिथे उच्चारसुद्धा नसतो. नियमावलीत १,००,००० होतं आणि हिशेबाच्या तक्त्यात १००,०००. सॉफ्टवेअर अमेरिकी मांडणीवर होतं. रक्कम तीच, पण लाखाच्या हिशेबाने वाचणारा माणूस दुसऱ्या मांडणीशी क्षणभर अडखळतो, आणि पैशाच्या कागदावर अडखळणं बरं नव्हे. आखातातले देणगीदारही इथलेच, त्यांनाही लाखच कळतो. भारतीय मांडणी ठेवली. तारखेत '३० जून' लिहिलं की स्वल्पविराम लागत नाही, 'जून ३०' नंतर वर्ष आलं तर अमेरिकी पद्धतीत लागतो. पत्रात 'डिअर सर'नंतर द्यावा की नाही, अवतरणचिन्हाच्या आत की बाहेर, ही सगळी एकदा ठरवून विसरून जायची कामं.

काय ठरलं

यादीतल्या साध्या जागी 'अँड'च्या आधी स्वल्पविराम नाही, असा निर्णय झाला. मी सरांच्या बाजूने मत दिलं, कारण हे पान वाचणारे पालक, शिक्षक आणि कारकून याच पद्धतीत शिकलेत. विद्यार्थिनीची अट मात्र तशीच्या तशी लिहून घेतली: जिथे तो नसल्याने वाक्य दोन प्रकारे वाचलं जाईल तिथे तो द्यायचा किंवा वाक्य बदलायचं, आणि कोणतंही प्रूफ छपाईला देण्याआधी तिने एकदा केवळ या नजरेने वाचायचं. तांत्रिक लेखनात वाचणाऱ्याची चूक होऊ शकते ती जागा शोधायची तिला सवय आहे, आणि सरांनीच तो आग्रह धरला. डीटीपीवाल्याला ठरलेल्या पद्धतीचा अर्धं पान कागद दिला, त्याने तो टेबलावर काचेखाली ठेवलाय. सॉफ्टवेअरची भाषा 'इंग्लिश, इंडिया' केली.

इंग्रजी ग्राह्य धरण्याच्या ओळीवर मात्र चर्चा लांबली. मी सुचवलं होतं की मूळ ठराव मराठीत झालाय, तोच प्रमाण माना. काहींना त्यातून नवा वाद दिसला, आणि इथे राहणाऱ्याला ती भीती समजते. शेवटी ओळ ठेवली आणि पुढे जोडलं, की इंग्रजी मजकुराचे दोन अर्थ निघत असतील तर इतिवृत्तातल्या ठरावाशी जुळणारा अर्थ घ्यावा. माझ्या मते ही या सगळ्या कामातली सर्वांत मोलाची दुरुस्ती.

शाळेतल्या सध्याच्या इंग्रजीच्या बाईंनी एक प्रश्न विचारला होता: उत्तरपत्रिकेत गुण कापायचे की नाही? सर, त्या आणि मी बसून ठरवलं. यादीतला शेवटचा स्वल्पविराम, 'इन जून'नंतरचा, पत्राच्या मायन्यातला, यांचे गुण कापायचे नाहीत, मुलाने कोणतीही पद्धत धरली तरी. कर्ता आणि क्रियापदामधल्या स्वल्पविरामाचे गुण कापायचे, आणि शेजारी जे–ते ची रचना लिहून तो का आला ते मुलाला दाखवायचं. 'हू'भोवतीच्या जोडस्वल्पविरामासाठी गुण न देता-कापता दोन वाक्यं देऊन अर्थ विचारायचा. नववीच्या चाचणीपासून हे सुरू झालं. एसएसएलसीचे पेपर कोणाच्या हाती जातील हे सांगता येत नाही, म्हणून दहावीच्या मुलांना सरांनी स्वतः वर्गात येऊन सांगितलं, की दोन्हींतली एक पद्धत धरा आणि पूर्ण पेपरभर तीच ठेवा.